यंत्र आलं, दुरुस्ती राहिली

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही जुन्या शाळेतलं कपाट उघडलं, तर त्यात एक लांबट नोंदवही असते. सरकारी भाषेत ती 'जडवस्तू संग्रह नोंदवही'. शिक्षक तिला 'डेड स्टॉक' म्हणतात. घंटा, खुर्च्या, नकाशे, पृथ्वीचा गोल यांच्या पाठोपाठ तिच्यात रेडिओ येतो, मग टीव्ही, टेपरेकॉर्डर, संगणक, प्रोजेक्टर, टॅबलेट. वस्तू कोणत्या तारखेला आली, कोणत्या योजनेतून आली, किंमत किती, हे सगळं त्यात नीट लिहिलेलं असतं. ती वर्गात किती तास चालली, हे लिहायला मात्र रकाना नसतो.

भारतातल्या वर्गात यंत्र आणण्याचा प्रयत्न जवळपास नव्वद वर्षांचा आहे. यंत्रं बदलली, योजनांची नावं बदलली, दिल्लीतली आणि मुंबईतली सरकारं बदलली. यंत्र बंद पडण्याची कारणं मात्र पिढ्यान्‌पिढ्या तीच राहिली: वीज, वेळापत्रक, भाषा आणि मेकॅनिक. खरेदीसाठी पैसा मिळाला, देखभालीसाठी मिळाला नाही. आणि त्या उणिवेचा सगळा भार वर्गात उभ्या असलेल्या माणसावर पडला. हा इतिहास त्या माणसाच्या बाजूनं पाहायला हवा.

सुरुवात रेडिओपासून झाली. १९३७ च्या सुमारास दिल्ली, कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या केंद्रांवरून शालेय कार्यक्रम प्रसारित होऊ लागले. कल्पना चांगली होती. उत्तम वक्त्याचा आवाज एकाच वेळी शेकडो वर्गांत पोहोचणार होता. अडचण लगेच लक्षात आली. आकाशवाणीचा कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू होतो आणि ठरल्या वेळी संपतो. शाळेत त्या वेळी गणिताचा तास असेल, परीक्षा असेल, किंवा धडा अजून तिथवर आलेला नसेल, तर तो आवाज वाया जातो. समोरच्या मुलाला कळलं नाही म्हणून वक्ता थांबत नाही. ज्या शाळांत शिक्षकानं आधी विषयाची तयारी करून घेतली आणि नंतर मुलांना बोलतं केलं, तिथंच रेडिओचा उपयोग झाला. म्हणजे शिक्षकाचं काम कमी व्हायच्या ऐवजी एका कामाची भर पडली.

ऑक्टोबर १९६१ मध्ये दिल्लीत शालेय दूरचित्रवाणीचा प्रकल्प सुरू झाला. त्यामागे फोर्ड फाउंडेशनची मदत होती आणि एक खरी गरज होती. दिल्लीतल्या अनेक माध्यमिक शाळांत प्रयोगशाळा नव्हत्या आणि विज्ञान शिकवणारे पुरेसे शिक्षकही नव्हते. स्टुडिओत एक शिक्षक प्रयोग करून दाखवणार आणि शहरभरच्या वर्गांतली मुलं तो पाहणार, अशी योजना होती. मुलांना प्रयोग दिसला, पण परीक्षानळी हातात धरायला मिळाली नाही. आणि वेळापत्रकाचं जुनं दुखणं इथंही आलं. एका शहरातल्या शाळा, तरी त्यांचे तास एकमेकांशी जुळेनात.

या सगळ्या इतिहासात एक वर्ष मात्र उठून दिसतं.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात भारतानं अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या मदतीनं 'साइट' हा शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग केला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून चित्र उतरवलं गेलं. प्रयोगाचे कार्यक्रम व्यवस्थापक होते मूळचे कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राची धुरा यशपाल यांच्याकडे होती. महाराष्ट्रातली खेडी या प्रयोगात नव्हती, पण मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम मुंबईत तयार होत होते. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी, असं प्रसारण चाले. हिंदी, कन्नड, ओडिया आणि तेलुगू या चार भाषा होत्या.

प्रयोगाची आज सर्वांत जास्त आठवण काढली जाते ती उपग्रहासाठी. प्रत्यक्षात त्याचं यश जमिनीवरच्या व्यवस्थेत होतं. शाळेच्या किंवा पंचायतीच्या इमारतीजवळ सुमारे दहा फूट व्यासाची अँटेना बसवलेली असे आणि तिची जाळी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी होती. ती स्वस्त होती, हलकी होती आणि तिथल्या तिथं नीट करता येत होती. संच हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीनं बनवले होते. ज्या खेड्यांत वीज पोहोचलेली नव्हती, अशा काही ठिकाणी बॅटरीवर चालणारे संच दिले गेले. गावांच्या समूहांसाठी देखभाल केंद्रं उभी केली, तंत्रज्ञ नेमले, त्यांना जीप दिल्या, सुटे भाग हाताशी ठेवले. संच बंद पडला तर कोण येणार, हे संच बसवण्याच्या आधी ठरलं होतं. त्यामुळे वर्षभर बहुतांश संच चालू राहिले. हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षणही याच पडद्यावरून मिळालं.

आणि मग वर्ष संपलं. उपग्रह उसना होता, तो परत गेला. काही भागांत पुढे जमिनीवरच्या प्रक्षेपकांनी काम चालू ठेवलं, पण अनेक गावांतले संच मुके झाले. मुलांनी वर्षभर रोज पाहिलेला पडदा एका सकाळी लागला नाही, आणि गावातल्या कोणाचीही त्यात चूक नव्हती.

'साइट'मधून पुढे जे घेतलं गेलं, ते उपग्रहाचं तंत्र. देखभालीच्या व्यवस्थेला तेवढं महत्त्व मिळालं नाही. एप्रिल १९८२ मध्ये इन्सॅट-१ए अवकाशात गेला आणि सप्टेंबरमध्येच निकामी झाला. ऑगस्ट १९८३ च्या इन्सॅट-१बी नंतर घडी बसली. शालेय दूरचित्रवाणीसाठी सहा राज्यं निवडली गेली आणि या वेळी त्यांत महाराष्ट्र होता.

त्यातूनच १९८४ मध्ये पुण्यात राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. मराठी घरांत ती ओळखली जाते 'बालचित्रवाणी' या नावानं. सेनापती बापट रस्त्यावर बालभारतीच्या शेजारी तिचा स्टुडिओ होता. मराठी मुलांसाठी, मराठीत, इथल्या झाडापानांची, सणांची, गणिताच्या कोड्यांची चित्रफीत तिथं तयार होत होती. तिची संकेतधून ऐकताच आजही चाळिशीतली माणसं थबकतात. ग्रामीण मुलाला आपली बोली आणि आपलं शेत पडद्यावर दिसावं, असा प्रयत्न करणारं तेव्हा दुसरं फारसं कोणी नव्हतं.

या कार्यक्रमांचं नशीब मात्र वर्गात ठरत होतं. खेड्यातली शाळा अनेकदा अकराला भरे, शनिवारी सकाळची असे. प्रसारणाची वेळ तिच्याशी जुळेलच, याची खात्री नव्हती. पहिली ते चौथीचे वर्ग एका खोलीत आणि शिक्षक दोन, कधी एकच. अशा ठिकाणी पाच ते आठ वयाच्या मुलांचा कार्यक्रम लागला की मोठी मुलं कंटाळत, मोठ्यांचा लागला की धाकटी उठून जात. त्यात वीज. मराठवाड्यात किंवा खानदेशात भरदिवसा वीज जाणं ही रोजची गोष्ट होती, आणि पुढे २००५ नंतरच्या भारनियमनात ती अर्धा-अर्धा दिवस जाऊ लागली. बालचित्रवाणी पाहून मोठी झालेली पुष्कळ मुलं ती घरी पाहत होती. ज्या शाळेसाठी ती तयार झाली, तिथं ती तुलनेनं कमी पाहिली गेली.

शाळेत संच असूनही तो का लागत नसे, याचं एक कारण त्या डेड स्टॉकमध्ये आहे. नोंदवहीत चढलेली वस्तू मुख्याध्यापकाच्या ताब्यात असते. बदली झाली की प्रत्येक वस्तू मोजून पुढच्याला चार्ज द्यावा लागतो. वस्तू हरवली किंवा चोरीला गेली तर जाब त्याला, आणि वेळप्रसंगी वसुलीही त्याच्याकडून. वस्तू मोडली तर ती फेकता येत नाही. तिचं निर्लेखन करावं लागतं, म्हणजे प्रस्ताव, तपासणी, मंजुरी आणि त्यासाठी पंचायत समितीत हेलपाटे. अशा नियमाखाली काम करणारा शिक्षक सहा वर्षांच्या मुलांच्या हाती टेपरेकॉर्डर देईल, अशी अपेक्षा कोणी करू नये. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर प्राथमिक शाळांना रंगीत टीव्ही आणि रेडिओ-कॅसेट प्लेअर मोठ्या संख्येनं वाटले गेले. त्यातले पुष्कळ खोक्यासकट कपाटात गेले. शिक्षकाला यंत्राची भीती वाटते, असं तेव्हा सर्रास बोललं गेलं. त्याला भीती होती ती वसुलीची, आणि ती रास्त होती.

याच काळात संगणक आला. १९८४-८५ मध्ये केंद्राच्या शिक्षण आणि इलेक्ट्रॉनिक्स या दोन्ही खात्यांनी मिळून 'क्लास' हा प्रकल्प सुरू केला. पहिल्या वर्षी देशातल्या सुमारे २५० शाळा निवडल्या आणि ब्रिटनमधल्या शाळांसाठी तयार झालेला बीबीसी मायक्रो हा संगणक त्यांना दिला. त्याची स्मृती ३२ किलोबाइट होती; आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही तिच्यात मावणार नाही. यंत्र मात्र मजबूत होतं आणि शिकायला चांगलं होतं. अडचण त्याच्याबरोबर आलेल्या आशयात होती. कार्यक्रम इंग्रजीत होते आणि ब्रिटिश मुलांचा अभ्यासक्रम डोळ्यांपुढे ठेवून रचलेले होते. मराठी, तमिळ किंवा हिंदी माध्यमातल्या मुलाला पडद्यावरच्या पहिल्या ओळीलाच अडखळायला होई. शाळेमागे मोजकेच संगणक, वर्गात चाळीस-पन्नास मुलं आणि जेमतेम काही दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलेले शिक्षक. आठवड्याला एखाद-दुसरा तास, तोही मुलांनी दाटीवाटीनं एका कीबोर्डभोवती उभं राहून. बिघाड झाला तर सुटे भाग तालुक्याच्या बाजारात मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

संगणकाच्या खोलीची शिस्तही याच काळात रुजली. दाराबाहेर चपला काढायच्या, आत वातानुकूलन किंवा निदान पंखा, खिडक्यांना पडदे, यंत्रावर प्लॅस्टिकचं आच्छादन. शाळेतली सर्वांत चांगली खोली ही झाली आणि सर्वांत जास्त वेळ कुलूपबंद राहणारी खोलीही हीच.

शिक्षकाला वगळून पुढे जाता येईल का, हा प्रश्न या अनुभवातून निघणं साहजिक होतं. १९९९ मध्ये सुगत मित्र यांनी दिल्लीच्या कालकाजी भागात भिंतीत संगणक बसवला आणि वस्तीतली मुलं तो आपसांत शिकली. पुढे असे संगणक सिंधुदुर्ग जिल्ह्यातही बसवले गेले. मुलांच्या कुतूहलाचा तो सुंदर पुरावा होता आणि जगभर त्याची चर्चा झाली. पण काही वर्षांनी पायल अरोरा या अभ्यासक उत्तराखंडात अल्मोडा आणि हवालबाग इथं गेल्या, तेव्हा तिथल्या केंद्रांचा वापर थांबलेला त्यांना दिसला. मुलांमध्ये कुतूहल भरपूर होतं. यंत्राची जबाबदारी घेणारं मात्र तिथं कोणी उरलं नव्हतं.

२० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून एज्युसॅट सुटला. केवळ शिक्षणासाठी सोडलेला हा देशाचा पहिला उपग्रह. २०१३ मध्ये नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांनी त्याच्या वापराचा हिशेब मांडला, तेव्हा जमिनीवरची केंद्रं, जोडणी आणि शैक्षणिक आशय यांच्या तयारीतल्या उणिवा पुढे आल्या. तोवर उपग्रहाचं आयुष्य संपलेलं होतं.

त्याच सुमारास महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळांत आयसीटी योजनेच्या संगणक प्रयोगशाळा आल्या. टप्प्याटप्प्यानं सुमारे ८,००० शाळा तिच्यात आल्या. खासगी संस्थांनी प्रयोगशाळा उभारायची, पाच वर्षं चालवायची आणि मग शाळेच्या हवाली करायची, असा करार होता. प्रयोगशाळेबरोबर कंत्राटी संगणक शिक्षकही आले. प्रथमच शाळेत असा एक माणूस होता, ज्याचं कामच यंत्र चालू ठेवणं आणि ते मुलांना शिकवणं हे होतं. पाच वर्षं संपली, करार संपला, तो माणूस गेला. हे शिक्षक नंतर वर्षानुवर्षं मुंबईच्या आझाद मैदानावर आंदोलनाला बसत राहिले. आणि शाळेत राहिले पाच वर्षं जुने संगणक, संपलेल्या बॅटऱ्या आणि कुलूप.

तरीही खेड्यातल्या शिक्षकानं यंत्राकडे पाठ फिरवली नाही, ही या इतिहासातली सर्वांत अभिमानाची गोष्ट आहे. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात पष्टेपाड्याच्या छोट्या शाळेत संदीप गुंड या शिक्षकानं शाळा डिजिटल केली आणि ती पाहायला राज्यभरातून शिक्षक आले. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाल्यावर गावोगाव लोकवर्गणी उभी राहिली. ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांनी शंभर-दोनशे रुपये दिले, ग्रामपंचायतींनी चौदाव्या वित्त आयोगाच्या निधीतून हातभार लावला, काही शिक्षकांनी स्वतःच्या पगारातून प्रोजेक्टर घेतले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड चिकटवले आणि स्वतः तयार केलेले पाठ त्यांना जोडले. पुढे बालभारतीनं ती पद्धत उचलली, आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार डिसले यांना मिळाला. वर्गातल्या मुलांना काय अडतं, हे ज्याला रोज दिसत होतं, त्यानंच हे यंत्र निवडलं आणि तोच ते सांभाळत होता.

या शाळांना अडवलं ते वीजबिलानं. लोकवर्गणीतून टीव्ही येतो, दर महिन्याचं बिल येत नाही. थकबाकीपोटी जिल्हा परिषद शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या जिल्ह्याजिल्ह्यांतून येत राहिल्या. शाळांना घरगुती दरानं वीज द्या, ही मागणी शिक्षक संघटनांनी किती वेळा केली, याची मोजदाद नाही. सुट्टीच्या दिवसांत एलईडी संच आणि बॅटऱ्या चोरीला गेल्या. पोलिसांत तक्रार नोंदवायला गेलेले मुख्याध्यापक दुसऱ्या दिवशी परत खडू-फळ्याकडे वळले.

याच वर्षांत शिक्षकाच्या वाट्याला आणखी एक तंत्रज्ञान आलं, ज्याचा मुलांच्या शिकण्याशी थेट संबंध नव्हता. २०१५ पासून 'सरल' या संगणकीय प्रणालीवर प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती भरणं सुरू झालं. राज्यभरातून एकाच वेळी लाखो नोंदी चढू लागल्या की सर्व्हर बसे. मग शिक्षक रात्री उशिरा किंवा पहाटे उठून नेट कॅफेत, नाहीतर रेंज मिळेल त्या टेकडीवर माहिती भरत. पुढे मुलांबरोबर सेल्फी काढून हजेरी पाठवण्याचा आदेश निघाला. जानेवारी २०१७ पासून तो लागू होणार होता. शिक्षकांच्या विरोधामुळे तो थांबला. शिक्षकाच्या मनात 'ऑनलाइन' या शब्दाबद्दल जी चीड आहे, तिचं मूळ या कामांत आहे. शिकवण्याचा वेळ यंत्रानं वाचवायचा होता, इथं तो यंत्रानं घेतला.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि एका दिवसात यंत्र हाच वर्ग झाला. 'असर' या सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी २०१८ मध्ये ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० मध्ये हे प्रमाण ६१.८ टक्के झालं. तरीही तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मुलं बाहेर राहिली. ज्या घरी फोन होता, तिथं तो बहुधा बापाच्या खिशात होता आणि बाप दिवसभर कामावर. कोकणात आणि गोव्यात मुलं रेंजसाठी डोंगरावर चढली.

त्या वर्षी खरा आधार दिला तो जुन्या आणि साध्या साधनांनी. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर 'बोलकी शाळा' म्हणून लाउडस्पीकर लावले गेले आणि मुलं अंतर राखून बसून धडे ऐकू लागली. सोलापुरात नीलमनगरच्या कामगार वस्तीत शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. अक्षरं, आकृत्या, गणितं. भिंतीला रिचार्ज लागत नव्हता आणि मुलाला हवं तितका वेळ तिच्यासमोर उभं राहता येत होतं.

'टिलीमिली' लागत होती, त्याच्या तीन वर्षं आधी बालचित्रवाणी बंद झाली होती. केंद्राचं अनुदान २०१४ मध्ये थांबलं, कर्मचाऱ्यांचे पगार रखडले आणि २०१७ मध्ये संस्थेला टाळं लागलं. त्या जागी ई-बालभारती आली. मराठीत मुलांसाठी कार्यक्रम करण्याचं तीस वर्षांचं कसब जाणणारी माणसं, राज्याला त्यांची सर्वांत जास्त गरज पडली तेव्हा, घरी बसलेली होती.

२०२३-२४ च्या 'यूडायस प्लस' अहवालानुसार देशातल्या ५७.२ टक्के शाळांत चालू स्थितीतले संगणक आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होतं. 'चालू स्थितीतले' हा शब्द मोजणीत आला, ही प्रगतीच म्हणायची. पण ती स्थिती राखायला पैसा किती? समग्र शिक्षा योजनेत तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान १०,००० रुपये मिळतं. त्यातला दहावा भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. उरलेल्या नऊ हजारांत खडू, रजिस्टरं, खेळाचं साहित्य, पाणी, वीज, इंटरनेट आणि नादुरुस्त वस्तूंची बदली, हे सगळं बसवायचं. महिन्याला साडेसातशे रुपये होतात. सातारा, गडचिरोली, नंदुरबारच्या डोंगराळ भागांत अशा लहान पटाच्या शाळा शेकड्यांनी आहेत आणि त्यांतल्या अनेकांच्या भिंतीवर आज मोठा पडदा आहे.

पुढची खेप आता दाराशी आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे अभ्यासक्रम, प्रत्येक मुलागणिक टॅबलेट, हजेरीचं नवं ॲप. तिच्या खरेदीबरोबर तालुक्याच्या गटसाधन केंद्रात एक पगारी तंत्रज्ञ, त्याच्याकडे सुटे भाग, शाळेच्या वीजबिलासाठी वेगळी तरतूद, आणि वापरताना मोडलेल्या वस्तूसाठी मुख्याध्यापकाकडून वसुली होणार नाही असा स्पष्ट शासन निर्णय, एवढं मिळायला हवं. यातली पहिली दोन कामं या देशानं १९७५ साली, जीपमधून फिरणाऱ्या तंत्रज्ञांच्या बळावर, २,४०० खेड्यांत वर्षभर करून दाखवलेली आहेत.